सात मीटर पाऊस आणि पाच हजार लिटर

आंबोलीत माणूस घर बांधतो तेच मुळी पावसाशी भांडायला. जोतं उंच, छप्पर तीव्र उताराचं, पागोळी भिंतीपासून हातभर लांब पडावी म्हणून वळचण पुढे काढलेली. मे संपायच्या आत पडवीला झडी बांधून होतात. कपड्यांच्या कपाटात बल्ब पेटता ठेवावा लागतो, आणि एवढं करूनही गणपतीत नेसायला काढलेल्या सोवळ्यावर बुरशीची नक्षी असतेच. अशा घरात कुणी उठून म्हणालं, की छपरावरचं पाणी नळीने खाली घेऊन जपून ठेवू या, तर त्याच्याकडे सगळे कसे बघत असतील याची कल्पना करा. आमच्याकडे हा प्रस्ताव मी मांडला तेव्हा आते तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"झिला, पाणी घराच्या भायर ठेवूक तीन पिढ्यो गेल्यो. आता तुमी ता नळीन घरात हाडतास?"

आतेचा मुद्दा जूनपासून सप्टेंबरपर्यंत बिनतोड आहे. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पुण्याच्या जवळजवळ दसपट. मिलिमीटर म्हटलं की माणसाला ते मुंगीच्या मापाचं काहीतरी वाटतं, म्हणून मीटरमध्ये सांगतो : सात मीटर. पडलेलं सगळं पाणी आहे तिथेच उभं राहिलं असतं तर आमच्या घराचं कोणं बुडून वर होडी चालली असती. पण ते उभं राहत नाही, हीच खरी भानगड आहे.

आमचं गाव सुमारे सातशे मीटर उंचीवर, जांभ्याच्या सड्याला धरून. जांभा दगड म्हणवून घेतो, पण त्याच्या अंगात भोकंच फार. पावसाळ्यात तो पोटभर पितो आणि दिवाळीनंतर उतारावरच्या झऱ्यांतून सगळं ओकून मोकळा होतो. जुलैत आमच्या बावीचं पाणी काठावरून ओणवं होऊन हाताने घ्यावं इतकं वर असतं. एप्रिलमध्ये त्याच बावीत कळशी सोडली की तळाला आपटून ठण्ण आवाज येतो आणि वर येते ती अर्धी कळशी, त्यातही पाव गाळ. नळ आहे. पण एप्रिलमधला नळ आधी खोकतो, मग फुसफुसतो, आणि पाणी यायच्या बेताला वीज जाते.

हे आमच्याच नशिबी आहे असं नाही. मेघालयातल्या चेरापुंजीत आमच्याहूनही कितीतरी जास्त पाऊस पडतो. १८६०च्या ऑगस्टपासून वर्षभरात तिथे साडेसव्वीस हजार मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्या चेरापुंजीच्या बायकाही हिवाळ्यात हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. मोठ्या घरचा दाखला मिळाला की दुःख जरा हलकं होतं. पाणी मात्र वाढत नाही.

बरं, आमचं पाणी जातं कुठे, तर ज्याला गरज आहे त्याच्याकडे. घाटाखाली उतरलेलं अरबी समुद्राला मिळतं आणि हिरण्यकेशीत गेलेलं आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागराला. संकेश्वरला तर साखर कारखान्यालाच हिरण्यकेशीचं नाव आहे. म्हणजे आमच्या छपरावर पडलेल्या थेंबाचा पुढे ऊस होतो, उसाची साखर होते, आणि ती साखर आम्ही दुकानातून विकत आणतो. चहाला पाणी तेवढं नसतं.

पावसाळ्यात धबधब्यावर येणारे पाहुणे बघितले की हा विनोद पुरा होतो. डोक्यापासून पायापर्यंत निथळणारा माणूस, केसांतून पाणी, खिशातून पाणी, बुटातून पाणी, आणि तो टपरीवर कणीस खात खात विचारतो, "दादा, पाण्याची बाटली आहे का?" टपरीवाला पावसात हात बाहेर काढून बाटली देतो. ती बाटलीही बाहेरून भिजलेली असते.

तर पाणी साठवायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाबा नको म्हणाले नाहीत. आमच्याकडे ठराव असाच पास होतो.

पहिला आला तो एका कंपनीचा माणूस. कंपनीचं नाव कशाला, माणूस गोड होता. त्याच्याकडे गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका होती आणि तिच्या मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडे बघणारा शेतकरी. बाहेर त्या वेळी समोरचा फणस दिसू नये इतकं धुकं आणि सर होती. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी तीन मॉडेलं त्याने मांडली. मग अर्ज भरायला घेतला.

"वार्षिक पर्जन्यमान?"

"सात हजार."

त्याने ७०० लिहिलं.

"सात हजार," मी म्हणालो.

"मिलिमीटर विचारतोय, सर."

"मिलिमीटरच सांगतोय."

त्याने खिडकीबाहेर बघितलं, पुस्तिकेतल्या शेतकऱ्याकडे बघितलं आणि तो रकाना कोरा ठेवला. त्याच्या तक्त्यात शेवटची ओळ दोन हजारांची होती. पुढचा अर्धा तास तो फिल्टरबद्दल बोलला. वाळू, खडी, कोळसा, जाळी, सूक्ष्म जाळी, अतिसूक्ष्म जाळी. टाकीबद्दल अवाक्षर नाही, कारण टाकी तो विकत नव्हता.

दुसरा सल्लागार म्हणजे पुण्याचा मामेभाऊ. त्याच्या सोसायटीत 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' आहे, म्हणजे गच्चीवरून एक निळी नळी उतरते आणि पार्किंगमधल्या एका खड्ड्यात जाते. त्या खड्ड्यात पुढे काय होतं हे सोसायटीत कुणी बघितलेलं नाही, पण मालमत्ता करात सवलत मिळते. तामिळनाडूने २००३ मध्ये सगळ्या इमारतींना छपरावरचं पाणी जिरवायची सक्ती केली, हेही त्याने सांगितलं, आणि ते खरं आहे. "तुम्हीही जमिनीत जिरवा," तो म्हणाला, "पुनर्भरण करा." आता जांभ्यात पाणी जिरवणं म्हणजे चाळणीत दूध तापवायला ठेवणं. आम्ही जिरवलेलं पाणी डिसेंबरात खालच्या वाडीत झरा होऊन निघणार आणि त्या वाडीचे लोक पुनर्भरणाबद्दल आमचे आभार मानायला काही वर येणार नाहीत. पुण्याच्या काळ्या दगडावरचं शहाणपण सड्यावर चालत नाही, हे त्याला दोन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने व्हिडिओ पाठवला.

शेवटी मी वही घेतली. हिशेब तसा पाचवीतला आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्या छपराखालची जागा १०० चौरस मीटर, हजार-अकराशे चौरस फूट. छपराचा उतार धरायचा नाही, त्याची आडवी सावली धरायची. पण हे कळायच्या आत भावोजी फीत घेऊन कौलांवर चढले होते आणि दोन मंगलोरी कौलं घेऊन खाली आले होते. १०० गुणिले ७,०००, म्हणजे सात लाख लिटर. उडालेलं, सांडलेलं, कौलांनी प्यालेलं वीस टक्के सोडा. राहिले पाच लाख साठ हजार. मी आकडा मोठ्याने वाचला. आते म्हणाली, "मगे टाकी खंय ठेवतलास, सावंतवाडीक?"

दुसरं टोक बघू. सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. आम्ही पाच माणसं, म्हणजे २७५ लिटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठ महिने, २४० दिवस. गुणाकार ६६,००० लिटर. हजार लिटरच्या काळ्या टाक्या घ्यायच्या तर ६६. एकच बांधायची तर सहा मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल. एवढा खड्डा अंगणात झाला की पाणी भरायच्या आधी पुण्याहून फोन येणार, "रूमचे काय घेता? पूल आहे ना?"

बायकोने वही ओढून घेतली. तिचा प्रश्न असा की आठ महिने कशाला? शिमग्यापर्यंत बावीत पाणी असतं. भांडी, कपडे, न्हाणी यांचं कसंबसं निभतं. जीव जातो तो फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत, आणि तोही पिण्याच्या अन् रांधायच्या पाण्यासाठी. माणशी दहा लिटर, पाच माणसं, १०० दिवस. पाच हजार लिटर. संपला हिशेब.

सिल्व्हर-गोल्ड-प्लॅटिनमवाल्याने जो प्रश्न विचारला नव्हता तो हा. कोरड्या मुलखात पाणी पकडायचं कसं याची विवंचना असते. तिथे थेंब महाग, म्हणून फिल्टर, नळ्या, उतार सगळं जपून. आमच्याकडे पकडायला काहीच लागत नाही, बादली अंगणात विसरली तरी भरते. पाच हजार लिटरची टाकी भरायला आमच्या छपराला साधारण ६२ मिलिमीटर पाऊस पुरतो. आषाढात एवढा पाऊस जेवण आटोपून माणूस वामकुक्षीला लवंडला की उठेपर्यंत पडून गेलेला असतो. वर्षाचं पाणी एका दुपारी. मग उरलेल्या साडेपाच लाख लिटरचं काय करायचं, हा आंबोलीतला खरा तांत्रिक प्रश्न आहे.

प्लंबरला तो लगेच समजला, कारण तो इथलाच. तासाला ६० मिलिमीटरची सर आली तर १०० चौरस मीटरच्या छपरावरून मिनिटाला १०० लिटर पाणी येतं. वीस लिटरची बादली बारा सेकंदांत. "भरूचा कसा ता सोप्या आसा," तो विडी शिलगावत म्हणाला, "भरल्यार काय?" पुस्तिकेतल्या चित्रात टाकीवरून बाहेर पडणारी नळी बोटाएवढी दाखवली होती. ती बघून तो एवढा हसला की काडी विझली. आमच्याकडे आत येणारी नळी चार इंची असेल तर बाहेर जाणारीही चार इंचीच हवी. नाहीतर टाकीचं झाकण उडून फणसावर जाईल.

पन्हळीवरून दोन दिवस वाद झाला. बाबांचं म्हणणं, पोफळ उभी चिरून पोकळ केलेल्या पन्हळीसारखी पन्हळ नाही, वाकत नाही, गंजत नाही, बागेतली आहे. पीव्हीसीची अर्धगोल पन्हळ दिसायला बरी, पण आमच्याकडे माकडांचा कळप रोज सकाळी छपराची पाहणी करायला येतो आणि पन्हळीवरून चालत जाणं हा त्यांचा वहिवाटीचा हक्क आहे. पत्र्याची पन्हळ माकडांना पुरते पण शेवाळाला पुरत नाही. शेवटी पत्र्याचीच ठरली, कारण पत्रेवाला भावोजींच्या ओळखीचा निघाला. या देशात तंत्रज्ञानाची निवड बहुतेक याच निकषावर होते.

'पहिलं पाणी' सोडून द्यायची एक युक्ती असते. छपरावरची धूळ, पाचोळा, पक्ष्यांची घाण घेऊन येणारं सुरुवातीचं पाणी एका उभ्या नळीत अडकवायचं आणि नंतरचं स्वच्छ पाणी टाकीत घ्यायचं. सोलापुरात ही नळी देवासारखी. आमच्याकडे मृगात एकदा छप्पर धुतलं गेलं की पुढे तीन महिने ते इतकं स्वच्छ असतं की वर पान वाढावं. तेव्हा घाई कशाला, हा बाबांचा सिद्धान्त : जूनमध्ये टाकी भरून ठेवायची आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तिच्यावर पाऊस पडताना बघायचा, यात शहाणपण काय? श्रावणात टाकी घासून घ्यावी आणि उत्तरा नक्षत्रात ताजं पाणी घ्यावं. आतेला हस्त पसंत. पण हस्ताचा पाऊस बेभरवशाचा, विजांसह येतो किंवा येतच नाही. या विषयावर दोघे बहीण-भाऊ पंचांग घेऊन बसले. टाकीचा अजून पत्ता नव्हता. तिचा भरणीचा मुहूर्त मात्र निघाला.

खरं तर या बाबतीत आमच्या मुलखाला कुणी शिकवायची गरज नाही. मालवणला समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला, आणि चारही बाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचं पाणी गोड. ते गोड पाणी म्हणजे बेटाच्या पोटात साठलेला पाऊसच. त्याच्याही दीड हजार वर्षं आधीपासून बोरिवलीजवळ कान्हेरीच्या डोंगरात भिक्षूंच्या लेण्यांशेजारी कातळात टाकी खोदलेली आहेत, आणि ती दान देणाऱ्यांची नावं कोरून ठेवलेली आहेत. भिक्षूंना फिल्टर विकायला कुणी आल्याचा लेख मात्र सापडत नाही. लांब अटलांटिकमध्ये बर्म्युडा नावाचं नदी नसलेलं बेट आहे. तिथे छपरावरचं पाणी धरल्याशिवाय घर बांधायला कायद्यानेच परवानगी नाही. चुन्याने पांढरीशुभ्र केलेली पायऱ्यांची छपरं आणि घराखाली टाकी. हे मी घरात वाचून दाखवलं. आमच्या घराखाली सेफ्टी टँक आहे, याची बायकोने आठवण करून दिली.

बेडकांचा मुद्दा आमच्या आतेचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आंबोलीत बेडूक फार. पावसाळी रात्री विजेऱ्या घेऊन बेडूक बघत हिंडणारे लोक खास पुण्या-मुंबईहून येतात. त्यांतला मलबारचा उडता बेडूक पाण्यावर वाकलेल्या फांदीला, नाहीतर टाकीच्या आतल्या भिंतीला पांढऱ्या फेसाचं घरटं लावतो. अंडी फुटली की पिल्लं टपटप खाली पाण्यात. शेजारच्या वाडीत एका उघड्या टाकीत असं घरटं लागलं तर रात्री अकराला रेनकोट घातलेले तिघे कॅमेरे घेऊन चिखलात पालथे पडलेले. घरातली म्हातारी कोण मेलं म्हणून बाहेर धावली. त्यात २०२० मध्ये आमच्या हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात माशाची नवी जात मिळाली, तिला हिरण्यकेशीचंच नाव दिलं, आणि पुढच्या वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हापासून आते साठवलेल्या पाण्याकडे संशयाने बघते. "टाकयेत कायतरी नवीन गावला, तर सरकार कुंपण घालतला. मगे पाणी खंयचा काढूचा?" म्हणून झाकण घट्ट, नळीच्या तोंडाला डासाचीही जाळी. उजेड नाही, म्हणजे शेवाळ नाही. वाट नाही, म्हणजे बेडूक नाही. बेडूक नाही, म्हणजे छायाचित्रकार नाहीत.

आता एवढं सगळं ठरल्यावर टाकी होऊन जायला हवी होती. पण आंबोलीत टाकी बांधायला ऋतूच नाही. पावसाळ्यात खड्डा खणला तर तो स्वतःच टाकी होतो. ऑक्टोबरात भातकापणी. दिवाळीनंतर हवा छान, बावी भरलेल्या, झरे वाहते. त्या दिवसांत पाण्याची काळजी करणारा माणूस वेडा ठरतो. मग जत्रा, दशावतार, लग्नं. मार्चमध्ये बावीचा तळ दिसला की सगळ्यांना एकदम टाकी आठवते, गवंड्याला फोन जातो, तो येतो, जागा बघतो आणि विचारतो, "पाण्याची सोय काय?" सिमेंट कालवायला पाणी लागतं. गिलावा झाला की दोन आठवडे त्याच्यावर पाणी मारावं लागतं. पाणी साठवायची टाकी बांधायला पाणी नाही म्हणून टाकी नाही, आणि टाकी नाही म्हणून पाणी नाही. हे कोडं आमच्या गावात पिढ्यान्पिढ्या पडलेलं आहे आणि दर जूनला पाऊस येऊन ते धुऊन नेतो.

यावर बायकोने तोडगा काढला : बांधायचीच नाही, तयार आणायची. पाच हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी टेम्पोतून येते, नुसता चिऱ्यांचा ओटा लागतो. ओट्याचं काम गवंड्याने दिवाळीनंतर घेतलंय. जागेवरून थोडं रण माजलं, कारण घराच्या आवारात ऊन पडणारी एकच जागा आहे आणि तिथे आते सोलं वाळवते. ती जागा तिने सोडली नाही. टाकी गेली पश्चिमेच्या कोपऱ्यात, शेजारच्या काकांच्या गडग्याला लागून.

म्हणून मग काकांना विचारायला हवं. ते गडग्यावर येऊन उभे राहिले. प्लंबरने त्यांना सगळं दाखवलं, पाणी इथून येणार, इथे साठणार, टाकी भरली की इथून बाहेर. काकांनी बाहेर जाणारी नळी कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते तीन वेळा तपासलं.

"टाकी बांधा, माका काय. पण व्हावणारा पाणी माझ्या परड्यात नको. माझी सुपारी कुजतली."

नळी वळवायची ठरली. प्लंबरने वहीत एक चार इंची बेंड वाढवला. काका जायला निघाले, थांबले, टाकी किती लिटरची म्हणून विचारलं, आकडा ऐकून मान डोलावली.

"आनी एक नळ माझ्या बाजूक काढून ठेवा. मे म्हयन्यात बरो पडतलो."

प्लंबरने विचारलं नाही. अर्ध्या इंचाची एक तोटी लिहून टाकली.